जुनी व्हॅन घेताना डॅशबोर्डवरचे दिवे कसे वाचावेत?

काटोलची_सून, ४ मे, सकाळी ९.१०

नमस्कार. आमचे सात जणांचे कुटुंब नागपुरात मानेवाड्याला राहते आणि दर दोन-तीन आठवड्यांनी आम्हा सर्वांना काटोलजवळच्या गावी, संत्र्याच्या बागेवर जावे लागते. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या असल्यामुळे कारच्या खोलगट आसनात त्यांना वाकून बसता येत नाही. सरकत्या दाराच्या व्हॅनमध्ये मात्र त्या दांडीला धरून कोणाच्या मदतीवाचून चढतात, आणि कोणाच्या मदतीवाचून चढणे ही त्यांच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. नवी गाडी परवडणारी नाही, म्हणून मारुतीची जुनी ईको व्हॅन घेण्याचे आम्ही ठरवले आहे.

काल कामठी रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडे नोव्हेंबर २०१७ची नोंदणी असलेली, सात आसनांची, पेट्रोलवर चालणारी गाडी पाहिली. मीटरवर ४८ हजार किलोमीटर दिसतात आणि किंमत ३ लाख १० हजार रुपये सांगितली आहे. आम्ही ती ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत चालवून पाहिली तेव्हा डॅशबोर्डवर एकही दिवा लागलेला नव्हता. परतताना अंधार पडल्यावर हेडलाइट आणि ब्लोअर दोन्ही सुरू केले, तेव्हा बॅटरीचा लाल दिवा अगदी मंद लुकलुकल्यासारखा मला वाटला. विक्रेत्याने तो माझा भास असल्याचे सांगितले.

जुन्या गाडीत कोणता दिवा दिसला तर ती सरळ सोडून द्यावी आणि कोणता दिवा दुरुस्त होण्यासारखा समजावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतापनगरी, ४ मे, सकाळी ९.४२

ढोबळ नियम असा की लाल दिवा म्हणजे गाडी सुरक्षित जागी थांबवा, आणि पिवळा दिवा म्हणजे गाडी चालेल, पण लवकर दाखवून घ्या. ताई, तुम्हाला दिसलेला दिवा लाल आहे, त्यामुळे विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका.

जुना_पाना, ४ मे, सकाळी ११.०५

सक्करदऱ्यात गेली २२ वर्षे माझे गॅरेज आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ताई, "एकही दिवा लागलेला नव्हता" हे तुमचे वाक्य वाचून मला समाधान वाटण्याऐवजी शंका आली. गाडी चालू असताना दिवे विझलेले असणे योग्यच आहे. परंतु किल्ली फिरवून सेल्फ मारण्याआधी, म्हणजे किल्ली "ऑन"वर असताना इंजिन बंद ठेवल्यास, इंजिनाचा पिवळा दिवा, ऑइलचा लाल दिवा आणि बॅटरीचा लाल दिवा लागलेच पाहिजेत. गाडी आपले दिवे शाबूत असल्याचे त्या क्षणी दाखवत असते. इंजिन सुरू झाल्यावर ते विझतात. जो दिवा किल्ली ऑनवर असतानाही लागत नाही, तो एकतर खराब झालेला असतो किंवा कोणीतरी मुद्दाम बंद केलेला असतो.

पुन्हा जाल तेव्हा विक्रेत्याला गाडी आधीपासून सुरू करून ठेवू देऊ नका. इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी जा, किल्ली स्वतःच्या हातात घ्या, ऑनवर ठेवून दहा सेकंद थांबा आणि कोणते दिवे लागले ते मोबाइलवर टिपून घ्या. गरम इंजिन पुष्कळ दोष लपवते, हे मी दररोज पाहतो.

पांढरी_ऑम्नी, ४ मे, दुपारी १.३०

माझे मत थोडे वेगळे आहे. माझ्याकडे १९९७ची ऑम्नी होती आणि तिच्यात कार्ब्युरेटर असल्यामुळे या इलेक्ट्रॉनिक दिव्यांचा प्रश्नच नव्हता. १९८४ मध्ये "मारुती व्हॅन" म्हणून आलेली ही गाडी २०१९ मध्ये बंद झाली. तोपर्यंत या शहरातल्या प्रत्येक मोहल्ल्यात ती उघडून जोडता येणारा माणूस होता. आताच्या गाड्यांमध्ये सेन्सर इतके आहेत की सामान्य माणूस त्यांच्यापुढे हतबल होतो. जमल्यास चांगली राखलेली ऑम्नी शोधा.

महालकन्या, ४ मे, दुपारी २.१५

काका, तुमच्या भावना समजतात, पण ऑम्नीच्या शेवटच्या काही वर्षांच्या गाड्यांमध्येही इंधन इंजेक्शनने जात होते आणि चेक इंजिन लाइट, म्हणजे इंजिनाचा पिवळा दिवा, होता. शिवाय कार्ब्युरेटरच्या गाड्यांची १५ वर्षे केव्हाच उलटून गेली असल्यामुळे त्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण आणि फिटनेस हा वेगळाच व्याप होतो. सात माणसे, त्यांत शस्त्रक्रिया झालेल्या सासूबाई, आणि काटोलचा रस्ता, हे पाहता मी ऑम्नीचा सल्ला देणार नाही.

अंबाझरीकर, ४ मे, रात्री ९.५०

ताई, दिव्यांआधी एक गोष्ट तपासा. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले, तेव्हा आमच्या आवारातल्या चार गाड्या आसनांपर्यंत बुडाल्या होत्या, त्यांत माझीही एक होती. पाणी ओसरल्यावर गाडी बाहेरून धुऊन चकचकीत दिसत होती आणि आठवड्याभरात सुरूही झाली. खरे दुखणे चार महिन्यांनी वर आले. वायरिंगच्या जोडण्यांमध्ये शिरलेला ओलावा तांब्याला हळूहळू खात होता आणि रोज एक नवा दिवा लागत होता. एकदा पार्किंग लाइट सुरू केल्यावर हॉर्न वाजू लागला. शेवटी मी ती गाडी बुडालेली असल्याचे स्पष्ट सांगून, लेखी देऊन, भंगाराच्या भावात दिली. सर्वांनीच तसे केले असेल, याची खात्री मला देता येत नाही.

ओळखण्यासाठी सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत बाहेर ओढा. धुणारा माणूस एवढा पट्टा सहसा ओढत नाही, त्यामुळे चिखलाची रेघ तिथे टिकून राहते. आसनांखालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज, मॅटखाली बारीक गाळ, फ्यूजच्या डब्यात पायांवर हिरवट थर आणि हेडलाइटच्या काचेत आतून धुके, यांपैकी दोन खुणा आढळल्या तर पुढे बोलूच नका. ईकोचे इंजिन समोरच्या आसनांखाली असते, म्हणून आसन उचलून तिथल्या वायरिंगच्या जोडण्याही पाहा.

काटोलची_सून, ६ मे, सकाळी ११.२०

सर्वांचे आभार. आज सकाळी साडेआठला न कळवता गेले. सीटबेल्ट चारही ठिकाणी शेवटपर्यंत ओढले, ते स्वच्छ आहेत. मॅटखाली धूळ आहे, गाळ नाही. फ्यूजही स्वच्छ दिसले.

किल्ली ऑनवर ठेवून दहा सेकंद थांबले. ऑइलचा दिवा लागला, बॅटरीचा लागला, हँडब्रेकचा लागला. इंजिनाचा पिवळा दिवा लागला नाही. तीनदा करून पाहिले. विक्रेता म्हणाला की बल्ब गेला असेल, शंभर रुपयांचे काम आहे. सेल्फही थोडा सुस्त फिरला. थंड इंजिन सुरू झाल्यावर आसनांखालून "फुस्-फुस्" असा आवाज येत होता आणि पाच-सात मिनिटांनी तो गेला.

नवा_चालक, ६ मे, दुपारी १२.०५

बल्ब खरोखरच गेला असेल तर ते ओळखायचे कसे?

कोराडीकर, ६ मे, दुपारी १२.४८

वीजनिर्मिती केंद्रात माझे सारे आयुष्य यंत्रे आणि त्यांचे इशारे यांच्या सोबतीत गेले, म्हणून हा प्रश्न मला जवळचा आहे. दिवा हा फक्त निरोप्या असतो. निरोप लिहिणारा इंजिनाचा संगणक असतो आणि निरोप्याला कोंडले तरी लिहिलेला निरोप तिथेच राहतो. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात हजार रुपयांच्या आत मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाइलवर पाहिल्यास, संगणकाने दिवा लावण्याची आज्ञा दिलेली आहे किंवा नाही, हे स्पष्ट दिसते. आज्ञा "चालू" असेल आणि दिवा बंद असेल, तर बल्ब कशामुळेही बंद असो, इंजिनात नोंदलेला दोष आहेच.

आणखी दोन आकडे अवश्य पाहा. एक, दिवा लागल्यापासून किती किलोमीटर झाले. दुसरा, कोड, म्हणजे संगणकाने नोंदलेले दोषांचे क्रमांक, पुसल्यापासून किती किलोमीटर झाले. पुष्कळ विक्रेते ग्राहक येण्याच्या तासभर आधी कोड पुसून टाकतात. तेव्हा दिवा विझतो, पण "पुसल्यापासून ६ किलोमीटर" ही नोंद मागे राहते, आणि संगणकाच्या स्वतःच्या तपासण्या "अपूर्ण" दिसतात. एकही कोड नाही आणि सगळ्या तपासण्या अपूर्ण आहेत, अशी गाडी नुकतीच पुसलेली समजावी.

हिंगणा_पाळी, ६ मे, रात्री ११.३५

ऑइलच्या दिव्याविषयी माझा अनुभव सांगणे मला कर्तव्य वाटते, कारण तो मला महाग पडला. माझ्या जुन्या व्हॅनचा ऑइलचा लाल दिवा उन्हाळ्यात सिग्नलवर थांबल्यावर लुकलुकत असे आणि ॲक्सिलरेटर दिला की विझत असे. डिपस्टिकवर ऑइल पूर्ण होते, म्हणून मी निर्धास्त राहिलो. एका गॅरेजमध्ये ऑइल प्रेशरचा स्विच बदलून दिला. चार दिवस दिवा लागला नाही आणि पाचव्या दिवशी पुन्हा लागला. तरीही मी अमरावती रस्त्याने निघालो आणि कोंढाळीच्या अलीकडे इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागले. टोचन करून गाडी परत आणावी लागली. बेअरिंग गेले होते आणि इंजिन पूर्ण उघडावे लागले.

तो दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचा दाब किती आहे ते सांगतो, हे मला तेव्हा कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. गरम इंजिनात ऑइल पातळ होते, झिजलेल्या बेअरिंगमधून ते सहज निसटते आणि मंद गतीवर दाब पडतो. जुनी गाडी घेताना ती किमान अर्धा तास चालवून, पूर्ण गरम झाल्यावर, ब्लोअर आणि हेडलाइट लावून मंद गतीवर उभी ठेवा आणि ऑइलच्या दिव्याकडे पाहत राहा. तो लुकलुकला तर गाडी सोडा. मूळ प्रश्नाला माझे उत्तर एवढेच आहे.

जुना_पाना, ७ मे, सकाळी ८.१५

हिंगणा भाऊंशी पूर्ण सहमत. स्विच बदलण्याआधी त्याच जागी दाबाचा गेज लावून खरा दाब मोजायला हवा होता. ते काम अर्ध्या तासाचे आहे.

ताई, तुम्ही लिहिलेला "फुस्-फुस्" आवाज मला फार महत्त्वाचा वाटतो. थंड असताना येणारा आणि गरम झाल्यावर जाणारा असा आवाज बहुधा सायलेन्सरच्या बाजूचा, म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) जोडावरच्या गॅस्केटचा असतो. लोखंड तापून फुगले की फट बुजते. स्कॅनरवर काय निघते ते कळवा, मग पुढे बोलू.

परिवहन_अभ्यासक, ७ मे, सकाळी १०.३०

कागदपत्रांविषयीही लिहितो. एम-परिवहन ॲपवर नोंदणी क्रमांक टाकून विम्याची मुदत, बँकेचा बोजा आणि थकलेली ई-चलने पाहून घ्या. बोजा असल्यास बँकेचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात, आणि खरेदीदाराने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. विमा आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज १४ दिवसांत द्यावा. क्रमांक एमएच ३१, एमएच ४९ की एमएच ४०, यावर शहर, पूर्व नागपूर की ग्रामीण यांपैकी कोणत्या कार्यालयात जायचे ते ठरते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावलेली आहे का, हेही पाहा.

या व्हॅन अनेकदा शाळेच्या मुलांची ने-आण करण्यासाठी चाललेल्या असतात. दाराच्या फटींमध्ये पिवळा रंग, छतावर कॅरिअरची छिद्रे आणि सरकत्या दाराची झिजलेली पट्टी या खुणा शोधा. तशी गाडी वाईटच असते असे नाही, परंतु मग ४८ हजार किलोमीटरवर विश्वास ठेवू नये.

प्रतापनगरी, ७ मे, दुपारी ४.००

त्याला जोडून सांगतो की कोणी सीएनजी किट बसवलेली व्हॅन घेत असेल, तर किटची नोंद आरसीवर असलीच पाहिजे आणि टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी झालेली असली पाहिजे. स्फोटके आणि दाबाखालच्या सिलिंडरांचे नियमन करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे, म्हणजे पेसोचे, मुख्यालय आपल्याच शहरात सेमिनरी हिल्सला असूनही येथे मुदत संपलेल्या टाक्या घेऊन लोक निर्धास्त फिरतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

काटोलची_सून, ९ मे, सायंकाळी ६.४०

स्कॅनर विकत घेतला आणि आज तिसऱ्यांदा गेले. दिरांनी नोंदी उतरवून घेतल्या, त्या अशा: दिवा लावण्याची आज्ञा चालू; दिवा लागल्यापासून १,९४० किलोमीटर; कोड दोन, पी ०१७१ आणि पी ०५६२. इंजिन गरम करून, सर्व दिवे लावून पंधरा मिनिटे मंद गतीवर उभे ठेवले, पण ऑइलचा दिवा एकदाही लुकलुकला नाही. बॅटरीचा मात्र मंद लागला आणि या वेळी तो आम्हा दोघांनाही दिसला. अधिकृत सर्व्हिस केंद्रात क्रमांक सांगून चौकशी केली तेव्हा २०२२ मध्येच ७१ हजार किलोमीटरची नोंद असल्याचे कळले.

विक्रेत्याला हे सर्व दाखवल्यावर त्याने ऑक्सिजन सेन्सर आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे यंत्र) नवीन टाकून देतो, पण किंमत तीच राहील असे सांगितले. आता काय करावे?

महालकन्या, ९ मे, सायंकाळी ७.१०

घेऊ नका. ज्याने मीटर मागे फिरवले आणि दिव्याबद्दल खोटे सांगितले, त्याने आणखी काय लपवले आहे ते तुम्हाला सहा महिन्यांनी कळेल. दोष दुरुस्त होतील, पण या माणसाशी व्यवहार करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. एखाद्या घरमालकाकडून थेट घेतलेली गाडी दहा-वीस हजारांनी महाग पडली तरी चालेल.

कोराडीकर, ९ मे, रात्री ८.५५

महालकन्या यांचे म्हणणे नैतिकदृष्ट्या योग्य आहे, पण ताईंसमोरचा प्रश्न गाडीचा आहे, आणि गाडीविषयी आता विक्रेत्यापेक्षा त्यांनाच अधिक माहिती आहे, असे मला वाटते.

पी ०१७१ याचा अर्थ "मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी" एवढाच होतो. त्याचा अर्थ "ऑक्सिजन सेन्सर बदला" असा होत नाही. सेन्सर सायलेन्सरच्या वाटेवर बसून धुरातला प्राणवायू मोजतो. त्याच्या आधी मॅनिफोल्डला फट असेल तर धुराच्या दोन धक्क्यांमधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ती हवा दिसते, आणि संगणक विनाकारण पेट्रोल वाढवत राहतो. ताईंनी ऐकलेला, जुना_पाना यांनी मॅनिफोल्डचा म्हटलेला आवाज आणि हा कोड एकमेकांशी जुळतात.

पी ०५६२ म्हणजे गाडीतील विजेचा दाब कमी. बॅटरीचा दिवा मंद लागतो, पूर्ण लागत नाही, याला अर्थ आहे. पारंपरिक रचनेत त्या दिव्याच्या एका टोकाला बॅटरीची वीज असते आणि दुसऱ्या टोकाला अल्टरनेटरची. दोन्ही सारख्या असतील तर दिवा विझलेला राहतो. थोडा फरक पडला की तो मंद लागतो. फरक अल्टरनेटरच्या बिघाडाने पडू शकतो, तसाच तो इंजिनापासून बॅटरीपर्यंतच्या अर्थिंगच्या पट्टीवर गंज चढल्यानेही पडतो. सेल्फ सुस्त फिरतो ही खूण दुसऱ्या शक्यतेकडे बोट दाखवते. मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावा, सर्व दिवे लावून इंजिन चालू ठेवा, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अल्टरनेटरला हात लावण्याआधी पट्टी बदला.

जुना_पाना, १० मे, सकाळी ९.२०

माझ्या व्यवसायाच्या बाजूने एक गोष्ट मांडतो. लोक म्हणतात की मेकॅनिक विनाकारण सुटे भाग बदलतात. तसे करणारे आहेत, मी नाकारत नाही. पण दीड तास शोधून फक्त एक नट घट्ट केला आणि त्या दीड तासाचे ४०० रुपये मागितले, तर ग्राहक भांडतो; तोच ग्राहक चार हजारांचा सेन्सर बदलला की काही न बोलता पैसे देतो. शोधण्याची मजुरी द्यायला लोक तयार झाले, तर अनेक गाड्यांचे अनेक भाग वाचतील. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी आधी मल्टीमीटर धरायला शिकवतो, पाना नंतर.

ताई, विक्रेत्याला नवे भाग टाकू देऊ नका. तो कोणता सेन्सर टाकेल ते माहीत नाही, आणि कोड पुसून चार दिवस दिवा बंद ठेवणे सोपे आहे. आहे त्या स्थितीत भाव कमी करून घ्या आणि गाडी मला किंवा तुमच्या विश्वासातल्या कोणालाही दाखवा.

काटोलची_सून, १९ मे, रात्री १०.१५

उशिरा लिहिते आहे, क्षमस्व. घरात दोन दिवस चर्चा झाली. महालकन्या ताईंचे म्हणणे माझ्या मनाला पटत होते आणि अजूनही पटते. म्हणून मधल्या काळात घरमालकांकडच्या दोन गाड्या पाहिल्या. एकीच्या सीटबेल्टवर अंबाझरीकर यांनी लिहिली तशी चिखलाची रेघ निघाली आणि दुसरीचा ऑइलचा दिवा गरम झाल्यावर लुकलुकला. शेवटी पहिलीच गाडी, मीटरवरचा आकडा खरा नाही आणि दोष आहेत हे पावतीवर लिहून घेऊन, २ लाख ७२ हजारांना घेतली.

काल सक्करदऱ्याला जुना_पाना यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी आमच्यासमोर मोजले: अल्टरनेटरवर १४.३ व्होल्ट, बॅटरीवर १३.२, आणि इंजिन ते ऋण खांब यांच्यामधला फरक ०.९. पट्टीचे टोक पांढऱ्या-हिरव्या भुकटीने खाल्लेले होते. नवी पट्टी आणि साफसफाई मिळून ६५० रुपये झाले. बॅटरीवर आता १४.१ दिसतात आणि सेल्फ पहिल्याच फटक्यात लागतो. मॅनिफोल्डचे दोन नट जागेवरच नव्हते आणि गॅस्केट एका कोपऱ्यात काळे पडून फुटले होते. ते काम शोधण्याच्या मजुरीसह २,४०० रुपयांत झाले. मग मीटर उघडला, तेव्हा इंजिनाच्या दिव्यामागे काळी चिकटपट्टी बारकाईने कापून लावलेली निघाली. ती काढताना त्यांच्याकडचा शिकाऊ मुलगा बराच वेळ तिच्याकडे पाहत उभा होता.

महालकन्या, १९ मे, रात्री १०.४०

पट्टीबद्दल वाचून संताप आला. गाडी घेतली ते योग्य केले की नाही यावर माझे मत बदललेले नाही, पण तुम्ही प्रत्येक गोष्ट तपासून आणि लिहून घेतली याचा आनंद आहे. आता नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आहे. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांपर्यंत पारा गेला होता, हे लक्षात ठेवून रेडिएटर पाहून घ्या. आधीच्या मालकाने बोअरचे पाणी भरलेले असेल तर आत क्षारांचा थर बसलेला असतो. पूर्ण धुऊन निम्मे कूलंट आणि निम्मे शुद्ध केलेले पाणी भरा. तापमानाचा इशारा आला तर गाडी सावलीत थांबवा, आणि गरम असताना झाकण कदापि उघडू नका. माझ्या काकांचा हात त्यात भाजला होता.

नवा_चालक, २० मे, सकाळी ७.५०

मी २०२० नंतरची व्हॅन पाहतो आहे. तिच्यात एबीएसचे आणि एअरबॅगचेही दिवे आहेत. त्यांचे काय करावे?

जुना_पाना, २० मे, दुपारी १.२५

तेही किल्ली ऑनवर असताना लागून विझले पाहिजेत. एबीएसचा पिवळा दिवा लागून राहिला तर साधे ब्रेक सहसा काम करतात, फक्त जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू शकतात. बहुतेक वेळा चाकाजवळचा सेन्सर चिखलाने माखलेला किंवा त्याची वायर तुटलेली असते. पण त्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी चालवू नका. ब्रेक ऑइल कमी झाले असेल तर ते फक्त वरून भरून पुढे जाऊ नका. पॅड झिजल्यामुळे पातळी उतरली की मागच्या चाकात गळती आहे, ते आधी पाहा. एअरबॅगचा दिवा लागलेली गाडी मी स्वतः उघडत नाही, अधिकृत केंद्रात पाठवतो, आणि तुम्हीही कोणाला तिथे मल्टीमीटर लावू देऊ नका.

काटोलची_सून, २९ मे, सायंकाळी ७.३०

ऐन नवतप्यात, भर दुपार टाळून, सर्व जण काटोलला जाऊन आलो. रेडिएटर धुऊन घेतले होते. जाता-येता सुमारे १३० किलोमीटर झाले आणि एकही दिवा लागला नाही. घरी आल्यावर स्कॅनर लावला तर कोड नाहीत आणि संगणकाच्या सर्व तपासण्या पूर्ण झालेल्या दिसल्या. मूळ प्रश्नाचे उत्तर मला असे मिळाले की गरम इंजिनावर लुकलुकणारा ऑइलचा दिवा दिसला तर गाडी सोडावी, आणि बाकीच्यांचे कारण आधी मोजून मग ठरवावे. सासूबाई दांडीला धरून चढल्या आणि बसल्याबरोबर मागून विचारू लागल्या, "सगळे लागले का? आता सगळे विझले का?"

जुना_पाना, २९ मे, रात्री ८.०५

आईंना माझा नमस्कार सांगा. नवीन गॅस्केट बसले की हजारेक किलोमीटरनंतर मॅनिफोल्डचे नट एकदा घट्ट करून घ्यावे लागतात, नाहीतर तोच आवाज परत येतो. इंजिन थंड हवे, म्हणून सकाळी या. त्याचे पैसे लागणार नाहीत.

काटोलची_सून, २९ मे, रात्री ८.२०

आताच्या वेगाने हजार किलोमीटर जुलैअखेर होतील. तेव्हा एखाद्या रविवारी सकाळी आठला येते.